फ्रेंच कीं स्पॅनिश ?

यंदा मजपुढें एक गोड संकट उभें राहिलें. परकीय भाषेच्या वर्गांत फ्रेंच व स्पॅनिश यांपैकीं एकच घेतां येणार होती. वडिलांचा कल फ्रेंचकडे. व त्यांच्या म्हणण्यांत तथ्यही होतें. दीर्घकाळ युरोपांतील राजदरबारांची व तहनाम्यांची ती भाषा. आजही आफ्रिकेंतील कित्येक देशांचा कारभार तींत चालतो. उलटपक्षीं, स्पॅनिशच्या बाजूस मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचा विस्तीर्ण प्रदेश. (ब्राझील मात्र पोर्तुगीज बोलतो, हें विसरूं नये.) संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत दोघींनाही स्थान आहे, तेव्हां प्रतिष्ठेच्या तराजूंत निवाडा होईना.

मग मीं दोन्ही भाषांचीं पहिलीं पुस्तकें आणून आठ दिवस चाळलीं. फ्रेंचमध्यें लिहावें पुष्कळ व उच्चारावें थोडें असा प्रकार. शब्दाच्या शेवटचीं व्यंजनें बहुधा मुकींच! फ्रान्समध्यें ८० म्हणजे 'चार विसा' आणि ९७ म्हणजे 'चार विसा, दहा, सात'. मला हंसूं आलें. परंतु आपल्याकडील जुन्या बायाही विसांनींच मोजीत, हें लगेच आठवलें. स्पॅनिशचा उच्चार बहुतेक अक्षरांवरूनच ठरतो. त्याहून मौज वाक्यरचनेची. फ्रेंच मनुष्य इंग्रजाप्रमाणें स्वतःस कर्ता करून आवड सांगतो. स्पॅनिशमध्यें मात्र 'मे गुस्ता एल पान', म्हणजे शब्दशः 'मला पाव आवडतो'; कर्ता पाव, आणि आपण चतुर्थींत! माझा निम्मा परकेपणा येथेंच ओसरला.

हें वाक्य मीं मोठ्यानें घोकीत असतां आजी स्वयंपाकघरांतून म्हणाली, "पान नव्हे गो, पांव!"

आजीचें बालपण गोव्यांत, १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमलांत गेलें. शाळेंत ती पोर्तुगीज शिकली. परंतु लग्न होऊन ती इकडे आली, आणि ती भाषा बोलावयास दुसरें कोणी उरलें नाहीं. आम्हां मुलांना तर ती तिला येते हेंच ठाऊक नव्हतें. त्या संध्याकाळीं आम्ही दोघी वही घेऊन बसलों. आपला साबण पोर्तुगीजमध्यें 'साबांव', फ्रेंचमध्यें 'साव्हों' आणि स्पॅनिशमध्यें 'हाबोन'. येथें फ्रेंचच जवळची ठरली, व वडील विजयी मुद्रेनें हंसले. तिघीही लॅटिनच्या लेकी. कोणाचें नाक आईवर जावें, कोणाचे डोळे! पण पुढें 'खाणें' या क्रियापदाचीं वर्तमानकाळचीं एकवचनी रूपें आलीं. तीं स्पॅनिश व पोर्तुगीज या दोहोंत अक्षरशः सारखींच लिहितात. आजीनें डोळे मिटून तीं तिन्ही रूपें एका दमांत म्हटलीं. साठांहून अधिक वर्षें तीं तिच्यापाशीं पडून होतीं.

मीं स्पॅनिश घेतली. वडिलांस अद्याप थोडी हुरहूर वाटते, व फ्रेंच पुस्तक त्यांनीं परत करूं दिलें नाहीं. आजी रोज दिवेलागणीनंतर माझी वही मागते, आणि माझे स्पॅनिश उच्चार पोर्तुगीज पद्धतीनें सुधारते. मी ते तसेच म्हणून दाखवितें.