बोहनी

पहिली नोट हातात आली की बाबा ती आधी तागडीच्या पारड्याला लावत, मग कपाळाला, आणि मगच चुंगडीखाली सरकवत. एकाची असो की दहाची, रीत तीच. केशोरीच्या आठवडी बाजारात लाल मिरचीच्या ढिगामागे बसलेली आठ वर्षांची मुलगी हे दर बाजाराला बघत असे.

एकदा बाबा चहाला गेले असताना एक म्हातारी आली. तिला अर्धा पाव मिरची हवी होती आणि भाव तिनं फारच पाडून मागितला. मुलीनं मान हलवली. म्हातारी पुढच्या दुकानाकडे वळते न वळते तोच बाबा परतले. त्यांनी तिला हाक मारली, मागितल्या भावानं मिरची तोलली आणि वर मूठभर घातली. ती गेल्यावर एवढंच म्हणाले, "पयल्या गिऱ्हाइकाले वापस नोको धाडू, माय. बोहनी मोडते."

केशोरी अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या सीमेजवळ. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. सगळा मुलूख धानाचा: बांध्या, बोड्या, तलाव, जवळच इटियाडोह धरणाचं पाणी आणि मधूनमधून जंगल. त्यात केशोरीनं नाव कमावलं ते मिरचीवर. धानाचा पैसा वर्षातून एकदा येतो. मिरची मात्र एकदाच तोडून संपत नाही. तोडा होतो, वाळवण होतं, थोडी विकली जाते, पुन्हा तोडा. अशा घरात पैसा थेंबाथेंबानं येतो आणि प्रत्येक थेंबाची दखल घेतली जाते. बोहनीला मान मिळाला तो अशा घरांत.

मोठी झाल्यावर ती सातऱ्यावर जाऊ लागली. 'मिरची सातरा' हा शब्द विदर्भाबाहेर फारसा कानी पडत नाही. व्यापारी मिरचीचे ढीग ओततो, बाया ओळीनं बसून देठ खुडतात आणि किलोमागे मजुरी मिळते. तोंडाला फडकं बांधलं तरी ठसका चुकत नाही. संध्याकाळी हात कितीही धुवा, आग राहतेच. तान्ह्या लेकराच्या आया रात्री त्याला जवळ घ्यायलाही घाबरतात, हाताचं तिखट त्याच्या डोळ्यांत जाईल म्हणून. सातऱ्यावर तिला एक गोष्ट जाणवली, ती तिनं तेव्हा कुणाला बोलून दाखवली नाही. इथं बोहनी नव्हती. सकाळची पहिली मिरची आणि संध्याकाळची शेवटची मिरची सारखीच. दिवस सुरू झाल्याचं कुणी कुणाला सांगत नव्हतं.

लग्नानंतर ती नागपूरला गेली आणि इतवारीतल्या एका दुकानात कामाला लागली. तिथं बोहनी होती, पण मालकाची. नोट तिच्या हातातून जायची, कपाळाला लागायची ती मालकाच्या. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला येत होता, आणि त्या पगारावर दोन मुलं शाळेत जात होती. त्या नोकरीबद्दल ती आजही वावगं बोलत नाही. महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा ही किती मोठी गोष्ट असते, हे तो बंद झाल्यावरच माणसाला कळतं.

तो बंद झाला मार्च २०२० मध्ये. टाळेबंदी लागली, दुकानाचं शटर पडलं, नवऱ्याचंही काम थांबलं. चौघं केशोरीला आली. घरात मिरची होती आणि आठवडी बाजार बंद होता.

तिचा ऑनलाइन धंदा सुरू झाला तो एका जुन्या शेजारणीमुळे. पावसाळ्यात नागपूरहून तिचा निरोप आला, घरचं तिखट मिळेल का? कांडप करून आणलेल्या तिखटाचा फोटो हिनं व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकला. पिशव्या बंद करायला यंत्र कुठलं? करवतीचं पातं पिशवीच्या तोंडाशी धरायचं, प्लास्टिकची कड पात्याच्या बाहेर जेमतेम डोकावू द्यायची आणि मेणबत्तीची ज्योत तिच्यावरून सरसर फिरवायची. हात रेंगाळला तर भोक पडतं, घाई झाली तर तोंड उघडं राहतं. पहिल्या दहा पिशव्यांपैकी सहा वाया गेल्या. चार गेल्या पोस्टानं. फोनवर २६० रुपये जमा झाल्याचा आवाज आला, तेव्हा हातात नोट नव्हती. तिनं फोनच तागडीच्या पारड्याला लावला, मग कपाळाला.

पुढचं सगळं ती एकेक करून शिकली. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल असेल तर तेव्हा शुल्क होतं वर्षाला १०० रुपये. पिशवीवर १४ आकडी क्रमांक छापून आला तो दिवस घरात सणासारखा गेला. मोठ्या संकेतस्थळांवर माल लावायचा तर तेव्हा लहान विक्रेत्यालाही जीएसटी क्रमांक घ्यावा लागे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना त्यात सूट मिळाली ती १ ऑक्टोबर २०२३ पासून. जीएसटीच्या भानगडीत न पडता ती थेट विकत राहिली. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीची खोच तिला लवकरच कळली: एका यादीत २५६ नावं बसतात, पण ज्यानं आपला नंबर जपून ठेवला असेल त्याच्याकडेच निरोप पोहोचतो. तिला ही अट आवडली. बाजारातही ओळख ठेवणारंच गिऱ्हाईक परत येत असे.

टाळेबंदीच्या त्याच वर्षी महाराष्ट्रात अशी कितीतरी माणसं पडद्यावर दिसू लागली होती. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे नातवाच्या मदतीनं 'आपली आजी' नावाचं यूट्यूब चॅनल चालवू लागल्या; लाखो लोक जोडले गेले, मधेच चॅनल हॅक झालं आणि परत मिळालं. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली आणि गावोगावच्या पोरांनी जमवलेलं सगळं एका रात्रीत गेलं. ऑनलाइन विकणाऱ्याची जागा स्वतःची नसते. आठवडी बाजारातही ती नसते म्हणा, पण तिथं निदान वर झाड असतं आणि शेजारी ओळखीचा माणूस बसलेला असतो.

मग सकाळी उठून हे लोक कामाला लागतात ते कशाच्या बळावर? बघायला साहेब नाही, भोंगा नाही, हजेरी नाही. पैसा हे सरळ उत्तर झालं आणि ते खोटं नाही. मुलांची फी पैशानंच भरली जाते. पण पैसा महिन्याच्या शेवटी मोजायचा असतो, आणि उठायचं असतं रोज.

न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांवर अर्थतज्ज्ञ कॉलिन कॅमरर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गाडी दिवसाच्या भाड्यानं घेणारे, आपल्या वेळेचे आपणच धनी असलेले हे चालक. कमाई चांगली असेल त्या दिवशी त्यांतले बरेचजण लवकर घरी जात, जणू दिवसाचा आकडा मनात ठरलेला असे. पुढे हेन्री फार्बर या अर्थतज्ज्ञानं दुसऱ्या नोंदी तपासून या निष्कर्षाला हरकत घेतली, आणि तो वाद बराच चालला. वाद काहीही असो, आकडा फार तर कधी थांबायचं ते सांगतो. सुरुवात कधी करायची, हे बोहनी सांगते.

पण बोहनीला एक वाईट जुळी बहीण आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत: दाणा कधी पडेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारत राहतं, थांबता थांबत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात तिचं तसंच झालं. सलग अकरा दिवस ऑर्डर नाही. चुलीपाशी फोन, गोठ्यात फोन, रेंज पकडायला गच्चीवर फोन. दर पाच मिनिटांनी पडदा उजळायचा आणि रिकामा दिसायचा. ती दिवसभर दमत होती आणि काम काहीच होत नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. तक्रार होती. साताऱ्याच्या एका बाईंनी फोटो पाठवला होता: पिशवी वाटेत फुटलेली, खोका आतून लालभडक, सोबत पाठवलेलं जवसही तिखटात बुडालेलं. पार्सल पोहोचवणाऱ्यांनी हात वर केले होते. बाई चिडल्या होत्या आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. तिच्याकडे उत्तर तयार होतं: पॅकिंग नीट केलं होतं, वाटेतल्या फुटीला आम्ही जबाबदार नाही. तिनं ते टाइपही केलं. मग पुसलं. अकरा दिवसांनी कुणीतरी आलं होतं, आणि दिवसाचं पहिलं तेच होतं. तिनं लिहिलं, "ताई, आजच दुसरं पाठवते."

त्या दिवशी तिनं दोन पिशव्यांत तिखट भरलं, एकात एक घालून, आणि पोस्टाच्या वेळेआधी नेऊन दिलं. वहीत तारखेपुढे पैशाचा रकाना रिकामा ठेवला आणि 'बोहनी' लिहिलं. तेव्हापासून तिची सकाळ बदलली. फोन उघडण्याआधी वही उघडायची. जुन्या गिऱ्हाइकांतलं एक नाव काढायचं आणि त्या एकाच माणसाला विचारायचं: तिखट जहाल तर झालं नाही ना, लोणच्याला पुरलं का, मुलगी दवाखान्यातून घरी आली का. उत्तर आलं नाही तरी दिवस सुरू झालेला असतो. ऑर्डर त्यानंतर येते किंवा येत नाही. महिन्याचा हिशेब तसा अजूनही वरखालीच होतो. उन्हाळ्यात वर्षभराचं तिखट भरणारी घरं आली की हात पुरत नाहीत, भादव्यात धंदा बसतो.

साताऱ्याच्या बाई आता दर मार्चमध्ये तीन किलो मागवतात. या वर्षीही त्यांचाच निरोप सकाळी पहिला आला. बाबा आता ओसरीवर खाटेवर असतात, कानानं कमी ऐकू येतं, पण मेणबत्तीचा वास आला की विचारतात.

"बोहनी झाली का वं?"

"झाली, बाबा. साताऱ्याची."

"सातऱ्याची? कोनत्या सातऱ्याची?"

"सातरा नाई, सातारा. गाव हाय, लय दूर."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वर मूठभर घातलं ना?"