दोन अंश मागे

6000 आरपीएमला क्रँकशाफ्टचा एक फेरा 10 मिलिसेकंदांत पुरा होतो. म्हणजे एक अंश फिरायला सेकंदाचा 36 हजारावा भाग. नायट्रसच्या गाडीच्या ठिणगीचं टायमिंग लावताना मी एवढ्याशा वेळेसाठी अख्खी दुपार घालवतो, आणि या कामात तीच दुपार मला सगळ्यात मोलाची वाटते.

मिश्रण पेटून जाळ पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधीच, समजा 34 अंश आधी, ठिणगी पाडावी लागते. मग पिस्टन माथ्यावरून सुमारे 15 अंश पुढे गेल्यावर दाब शिगेला पोचतो आणि क्रँकला उत्तम रेटा मिळतो. नायट्रस सोडला की हे गणित बदलतं. हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन, नायट्रस ऑक्साइडमध्ये 36. सिलिंडरच्या उष्णतेत रेणू फुटतो, सुटलेल्या ऑक्सिजनला जादा पेट्रोल मिळतं आणि जाळ झपाट्याने पसरतो. ठिणगी जुन्याच जागी ठेवली तर दाब फार लवकर चढतो. कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं, नॉकिंग सुरू होतं, रिंगांमधली पिस्टनची कड तुटते. शर्यतीच्या गाडीच्या गोंगाटात ते नॉकिंग कानाला कळतही नाही.

दर 50 हॉर्सपॉवरच्या शॉटमागे, म्हणजे नायट्रसने वाढवलेल्या ताकदीमागे, टायमिंग 2 अंश मागे, हा ट्यूनर मंडळींचा रूढ आडाखा. 100 च्या शॉटला 34 वरून 30. सुरुवातीला तो ठीक आहे, पुढचं इंजिनावर. टायमिंग मागे घेतलं म्हणजे ताकद गमावली, ही समजूत मात्र मला फार खटकते. जाळ वेगाने पसरणार असेल तर उशिराची ठिणगीच वेळेवरची असते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळंच. नायट्रस आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे जेट निवडण्याची कोष्टकं बहुधा नायट्रसच्या बाटलीत 900 ते 950 पीएसआय दाब धरून केलेली असतात. नायट्रसचं क्रांतिक तापमान 36.4 अंश सेल्सिअस. विदर्भातल्या मे महिन्यात सावलीतला पारासुद्धा त्याच्या वर असतो. त्यापुढे बाटलीत वेगळा द्रव उरतच नाही, दाब चढत राहतो, पेट्रोलशी प्रमाण बिघडतं. मग अचूक लावलेलं टायमिंगही चुकीचं ठरतं. म्हणून आधी दाबाचा काटा बघायचा, टायमिंग लाइट नंतर. आणि हे सगळं बंदिस्त शर्यतीच्या पट्टीवरच, रस्त्यावर नाही.

शेवटचा निवाडा प्लगचा. पूर्ण जोराची फेरी संपताच इंजिन बंद करून मी नवा घातलेला प्लग काढतो आणि भिंगाखाली धरतो. बाजूच्या वाकड्या पट्टीवर उष्णतेने रंग बदललेली रेघ उमटते. ती टोकाशी असेल तर अजून एखादा अंश पुढे घ्यायला वाव आहे. वाकणापाशी असेल तर हात आवरायचा. वाकण ओलांडून मुळाकडे सरकली तर टायमिंग लगेच मागे. पोर्सिलीनवर चमकते कण दिसले, तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असतं. त्या दिवशी बाटली बंद करायची आणि हेड उघडायचं.