खलांतील चुंबक

१८३९ सालीं उरल पर्वतांत सांपडलेल्या एका खनिजास गुस्टाव्ह रोझ यांनीं लेव्ह पेरोव्हस्की या रशियन गृहस्थांवरून पेरोव्हस्काइट असें नांव दिलें. तशीच अणूंची मांडणी असलेल्या सर्व संयुगांचें आज तेंच कुलनाम आहे. शाळा सोडल्यावर मी ज्या प्रयोगशाळेंत गेलों, तेथें या कुलांतील ऑक्साइडें तासन्तास खलून भट्टींत भाजणें हें माझें नित्यकर्म आहे.

लँथॅनम, मँगनीज व प्राणवायु यांचें एक द्रव्य. कॅल्शियम, मँगनीज व प्राणवायु यांचें दुसरें. मँगनीजचा प्रत्येक अणु इवला चुंबकच. परंतु हीं द्रव्यें शुद्ध स्थितींत अतिशय थंड केलीं, तर शेजारच्या अणूंचीं बळें परस्परांस मारक होतात. वीजही वाहत नाहीं. मात्र लँथॅनमच्या सुमारें एकतृतीयांश अणूंच्या जागीं कॅल्शियम घालावें, कीं तीच थंड भुकटी चुंबकास चिकटते व वीजही वाहूं देते!

कॅल्शियम स्वतः चुंबक नव्हे. पण त्याच्या येण्यानें कांहीं मँगनीज-अणूंपाशीं एकेक इलेक्ट्रॉन उणा पडतो. शेजारचा इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या अणूवरून ती जागा भरावयास जातो. आणि दोन्ही चुंबकांचीं तोंडें एकाच दिशेस असलीं तर त्याची वाट सुलभ होते. योंकर व व्हान सांटेन यांनीं १९५० सालीं हॉलंडांत हें नवल प्रसिद्ध केलें. १९५१ सालीं झेनर यांनीं त्याचें कारण सांगितलें.

इलेक्ट्रॉनाच्या भाराप्रमाणें ‘स्पिन’ हा त्याचा चुंबकीय गुणही कामास लावणें, ही स्पिनट्रॉनिक्स नामक विद्या. कॅल्शियमऐवजीं स्ट्रॉन्शियम योजल्यास भुकटीचें चुंबकत्व सुमारें ९० अंश उष्णतेपर्यंत टिकतें. पण तिच्या पातळ थरांच्या उपकरणांत हा गुण नेहमींच्या हवेंतच फार क्षीण होतो.

धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा भार अद्याप वडिलांवर आहे. मीं नोकरी धरावी असें त्यांस वाटणें स्वाभाविकच. गेल्या दिवाळींत त्यांनीं विचारलें, “अरे, ही भुकटी कोणाच्या उपयोगीं पडते?”

“बाबा, अजून बाजारांत कोणाच्याच नाहीं,” मीं खरें तें सांगितलें.

ते कांहीं वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, “आंब्याच्या कलमासही वर्षें लागतात; पण तोंवर पाणी कोणी तरी घालावें लागतें. तुला मुदत किती हवी?”

मीं दोन वर्षें मागितलीं. तीं त्यांनीं दिलीं. बालमित्रहो, तुमच्या पुस्तकांवर खर्च होणारा पैसाही घरांत कोणी तरी असाच मुदतीनें देत असतें. माझ्या मुदतींतील एक वर्ष संपत आलें आहे. म्हणून हल्लीं खल हातीं घेतला, कीं तो लवकर खालीं ठेववत नाहीं.