काचेवरचा साक्षीदार

आमच्या मोटारीत आम्ही दोघेच असतो, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. मी गाडी चालवतो आणि ही शेजारी बसून गाडी कशी चालवावी ते मला सांगते. दोन वर्षांपूर्वी चिरंजीवांनी या संसारात एक तिसरा आणून बसवला. काडेपेटीहून थोडा मोठा, काळा आणि एकाक्ष. पुढच्या काचेवर, आरशाच्या मागे त्याने तो चिकटवला, त्याची वायर कडेकडेने खाली आणली आणि म्हणाला, "बाबा, हा डॅशकॅम. गाडी सुरू झाली की हा आपोआप सुरू होतो. उद्या कोणी येऊन धडकला आणि उलट तुमच्यावरच उलटला, तर खरं काय ते हा सांगेल."

किंमत विचारली. साडेचार हजार रुपये!

"चाळीस वर्षे गाडी चालवतोय. मला कधी साक्षीदार लागला नाही," मी म्हणालो.

"चाळीस वर्षं शेजारी कोण बसलं होतं?" ही म्हणाली.

असो. सामान्य माणसाने हा खर्च करावा की करू नये, या प्रश्नाचे उत्तर मला पुण्यात मिळाले नाही. ते मिळाले उंब्रजला.

उंब्रज हे नाव पुणे-कोल्हापूर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाटीवर वाचलेले असते. उतरणारे मात्र थोडे. सातारा सुटले की शेंद्रे, नागठाणे, अतीत, काशीळ अशी गावे एकामागून एक मागे पडतात, उसाचे मळे रस्त्याला येऊन भिडतात, आणि कऱ्हाड अठरा-वीस किलोमीटरवर राहिले की उंब्रज येते. पश्चिमेच्या डोंगरातून आलेली तारळी इथे कृष्णेला मिळते. एका अंगाला चाफळचा रस्ता फुटतो, दुसऱ्या अंगाला मसूरचा. पौषात ज्याची यात्रा भरते तो पालचा खंडोबाही जवळच. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथल्या मठात आहे. समर्थ चाफळहून कृष्णेच्या स्नानाला इथे येत, अशी आख्यायिका सांगतात. तेव्हा माणसे मुद्दाम उंब्रजला येत. आता महामार्ग उंब्रजकडे मान वळवूनही पाहत नाही. गावात जायचे तर वेळीच डावीकडे सेवारस्त्याला लागावे लागते.

आम्ही तसे लागलो. मार्गशीर्षातली सकाळ होती. आधी मठातला मारुती, मग चाफळचा राम आणि दुपारी कऱ्हाडला मित्राकडे जेवण, असा बेत होता. उसाचा हंगाम जोरात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत चालले होते आणि त्यांच्यातून सांडलेल्या कांड्या रस्त्यावर पडल्या होत्या. गावात शिरणारा रस्ता दिसला, मी वेग कमी केला आणि डावीकडे वळलो. त्याच क्षणी मागच्या दाराशी धाडकन आवाज झाला.

उतरून पाहतो तो मोटारसायकल आडवी, तिच्याखाली विशीतला एक मुलगा आणि दुधाच्या दोन किटल्या. एकीचे झाकण उडून दूध रस्त्यावरून वाहत होते. मुलाला लोकांनी उठवून बसवले. गुडघा सोलवटला होता आणि मनगट हातात धरून तो ओठ चावत होता.

आपल्याकडे अपघाताचा निकाल जागच्या जागी लागतो आणि त्या न्यायालयात कलम एकच: गाडी मोठी त्याची चूक मोठी. कोपऱ्यावर चहाचे दुकान होते. ते चालवणाऱ्या मावशी हातातले फडके तसेच घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी बघितलंय की! पोरगं सरळ चाललं हुतं. ह्यांनी मधीच गाडी घातली."

माझा संताप झाला. आणि मला तो तिसरा आठवला.

"थांबा," मी म्हणालो. "माझ्या गाडीत कॅमेरा आहे. सगळं त्यात आलंय."

वाचकहो, त्या शब्दाचा परिणाम पाहण्यासारखा होता. 'कॅमेरा' म्हणताच गर्दी दोन पावले मागे सरली. एकजण मावशींना म्हणाला, "आता तुम्ही गप बसा. मशिनीत दिसंल काय ते." आणि मावशी खरोखरच गप्प बसल्या. कॅमेऱ्यातले चित्र फोनवर घेण्याची विद्या चिरंजीवांनी मला शिकवली होती. चहाच्या बाकावर फोन ठेवला आणि दहा-बारा डोकी त्यावर वाकली.

समोरचा रस्ता दिसला. कोपऱ्यात वेग दिसला, ताशी अठरा किलोमीटर. उसाची ट्रॉली दिसली, आडवे जाणारे कुत्रे दिसले, गावाचा रस्ता हळूहळू समोर आला. मग धाडकन आवाज, चित्राला हिसका, आणि खलास. दूधवाला नाहीच! तो डाव्या बाजूने मागून आला होता आणि माझ्या कॅमेऱ्याला पाठीला डोळा नव्हता. मात्र त्याला कान होते. त्यामुळे भाच्याच्या लग्नात आम्हाला आलेल्या आहेराच्या साडीवर हिने केलेली संपूर्ण टीका उंब्रजकरांनी ऐकली. दोघे-तिघे हसले. ही लाजून पदराशी चाळा करू लागली.

"साहेब तर हळूच चालले होते," एकजण म्हणाला. वारा फिरला. मावशी दुकानात परतल्या. तो मुलगा मनगट धरून खालच्या आवाजात म्हणाला, "कॅमेऱ्यात न्हाई तर न्हाई. जाऊ द्या. माझंच लक्ष नसंल."

खरे म्हणजे मी सुटलो होतो. किटलीभर दुधाचे पैसे उदारपणे हातावर ठेवून चाफळची वाट धरायला हरकत नव्हती. पण ही मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, ते पुन्हा लावा. आवाज मोठा करा."

मी फोन कानाशी धरला. साडी, साडीचे काठ, वन्संचा स्वभाव, सगळे स्पष्ट ऐकू आले. नाही ऐकू आली ती एकच गोष्ट. वळताना दिव्याची कळ खाली केली की गाडीत टिक-टिक, टिक-टिक असा आवाज होतो. तो त्यात नव्हता. तिसऱ्यांदा ऐकले. नव्हताच. वळण्याचा दिवा मी लावलाच नव्हता. मागून येणाऱ्या त्या मुलाला, हा म्हातारा आता डावीकडे वळणार, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. मावशींनी पाहिले होते ते अक्षरशः खरे होते.

हे कोणाच्याही लक्षात आले नव्हते. तिथे ते मला आणि हिला, दोघांनाच ठाऊक होते. आणि काचेवरच्या त्या काळ्या डबीला. मी चाफळच्या रस्त्याकडे पाहिले, हे कबूल करतो. मग हिच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. चाळीस वर्षांत प्रथमच.

दुकानात जाऊन मी मावशींना म्हणालो, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. चूक माझी आहे." आणि गर्दीला आवाज ऐकवला, म्हणजे न आलेला आवाज ऐकवला. मुलाला गाडीत घालून डॉक्टरांकडे नेले. फोटोत हाड शाबूत निघाले. पोलीस ठाण्यात जाऊन झाले तसे सांगितले. माझ्या गाडीचा त्रयस्थ विमा होताच, तो कायद्याने सक्तीचाच असतो. दूध आणि मोटारसायकलची दुरुस्ती मात्र मी पदरची दिली.

कऱ्हाडला मित्राकडे पोचायला तिसरा प्रहर झाला. हा मित्र जुना वकील. त्याने कॅमेऱ्याचे कार्ड मागितले, संगणकात घातले आणि पोट धरून हसू लागला. चित्रावरची तारीख होती १ जानेवारी २०१९. यंत्राचे घड्याळ आम्ही कधी लावलेच नव्हते. "या पुराव्याप्रमाणे," तो म्हणाला, "तू ही गाडी विकत घेण्याच्या दोन वर्षे आधी तिने अपघात केला."

मग जेवताना त्याने मला जे सांगितले ते असा कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. यंत्रातले चित्र न्यायालयात नुसते दाखवून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचे भाग दोन: एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. फाइलच्या बोटाचा ठसा म्हणावा असा 'हॅश' नावाचा एक आकडा त्यात नोंदवतात. चित्रात तिळाएवढा फेरफार केला तरी हा ठसा बदलतो. जुन्या कायद्यातही प्रमाणपत्राचे बंधन होतेच. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर आणि गोरंट्याल यांच्यात जो खटला झाला, त्यात उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याचा वाद चित्रफितींवर आला होता. तेव्हा १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचे सांगितले.

"म्हणून अपघात झाला की पहिले काम कार्ड काढून ठेवण्याचे," मित्र म्हणाला. कारण हा साक्षीदार विसराळू असतो. कार्ड भरले की जुने पुसून त्यावरच नवे लिहितो. माझ्या चौसष्ट जीबीच्या कार्डात आठ-नऊ तास मावतात. हिसका बसला की ती फीत पुसायची नाही अशी खूण यंत्र स्वतःच करून ठेवते; पण हलका धक्का त्याच्या ध्यानात येईलच असे नाही. सारखे लिहून-पुसून कार्ड झिजते, ते मधूनमधून बदलावे लागते. वैशाखात बंद गाडीच्या काचेमागे भट्टी पेटते; आत साधी बॅटरी असेल तर ती फुगते, म्हणून कपॅसिटरवर चालणारे यंत्र घ्यावे. रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात नंबराची पाटी पुष्कळदा पांढरी फटक दिसते. मागून धडकणारा दिसायला हवा असेल तर मागच्या काचेलाही दुसरा डोळा लागतो. आणि आहेराच्या साड्यांवर बोलायचे असेल तर आवाजाची कळ बंद करता येते. आमच्या हिने ती बंद करू दिली नाही, हे मात्र नमूद केले पाहिजे.

परदेशांत हे खूळ जुने आहे. रशियात तर ते इतके पसरले होते, की १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली तेव्हा कामावर निघालेल्या लोकांच्या मोटारींनीच तिची चित्रे टिपली. उलट ऑस्ट्रियासारख्या देशात, रस्त्यावरच्या परक्या माणसांची चित्रे खासगी माणसाने का घ्यावीत, असा आक्षेप घेऊन त्यावर कडक बंधने घातली आहेत. आपल्याकडे खासगी मोटारीला याची सक्ती नाही आणि मनाईही नाही. ज्याचा त्याने विचार करायचा.

माझा विचार आता झाला आहे. साडेचार हजार वाया गेले नाहीत. महामार्गावर ठोकर देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तर मेलेल्याच्या घरच्यांना सरकारी योजनेतून दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात; १ एप्रिल २०२२ पासून हे आकडे आहेत. तीच गाडी सापडली तर तिच्या विम्याकडून पुरी भरपाई मागता येते. हा फरक कधीकधी मागून येणाऱ्या एखाद्या मोटारीच्या काचेवरचा कॅमेरा घडवू शकतो. तो नंबर आपल्या कामाचा नसेल, पण कोणाच्या तरी घरची चूल त्यावर अवलंबून असेल. आणि मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेली आहे.

परंतु 'माझी बाजू सांगणारा' म्हणून जो हे यंत्र घेईल त्याची निराशा होण्याचा संभव आहे. त्याला बाजू नसते. त्याला समोरचे दिसते आणि आतले ऐकू येते. बाकीचे पाहायला रस्त्याकडेला मावशी लागतात, आणि त्यांना गप्प बसवण्यासाठी त्याचा उपयोग करू नये. त्या दिवशी मी तो तसा केला होता.

परतताना आम्ही पुन्हा उंब्रजला थांबलो. मठातल्या मारुतीचे राहिलेले दर्शन घेतले. मावशींनी चहा दिला. त्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. मुलाचे मनगट बरे आहे, उद्यापासून रतीब सुरू करतो म्हणतोय, असे त्यांनी सांगितले. मग आम्ही निघालो. पुण्याच्या रस्त्याला वळताना मी दिव्याची कळ खाली केली. टिक-टिक, टिक-टिक. ही साडीबद्दल काहीतरी सांगत होती, ती मध्येच थांबली आणि वळण पुरे होईपर्यंत ऐकत राहिली.