औंधचे अप्पासाहेब आणि आमचं मंडळ

आमची कुलदेवता औंधची यमाई. बडोद्यात आमची ही पाचवी पिढी, तरी दोन-तीन वर्षांतून एकदा सातारा जिल्ह्यात दर्शनाला जाणं होतंच. गेल्या खेपेला डोंगर उतरताना वाटेतल्या संग्रहालयात शिरलो. ते उभारणारे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मला सूर्यनमस्कारांमुळे ठाऊक होते. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत मात्र त्या दिवशी बाबांकडून कळले.

अप्पासाहेबांचा जन्म १९१२चा. ऑक्सफर्डला शिकून, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते परतले. असा मुलगा कायद्याच्या जोरावर गादी बळकट करील, असंच कुणालाही वाटेल. झालं उलटंच. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने औंधने नवी राज्यघटना स्वीकारली आणि ७२ गावांचा कारभार लोकांनी निवडलेल्या पंचायतींकडे गेला. घरची सत्ता सोडण्याच्या या कामात राजपुत्रच पुढे होता. १९४४ पासून संस्थान विलीन होईपर्यंत तो तिथला पंतप्रधान होता.

१९४८मध्ये भारत सरकारने त्यांना पूर्व आफ्रिकेत कमिशनर म्हणून नैरोबीला पाठवलं. तिथे आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली होती. राज्य इंग्रजांचं आणि आफ्रिकी माणूस स्वतःच्याच भूमीत तळाशी. या देशावर पहिला हक्क आफ्रिकी माणसाचा, त्याच्या बाजूने उभे राहा, असं अप्पासाहेब भारतीयांना सांगत. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून ते झटले. इंग्रज अधिकारी नाराज झाले आणि १९५४मध्ये त्यांना तिथून निघावं लागलं. पुढे ते सिक्कीम, इंडोनेशिया, इजिप्त, ब्रिटन असे अनेक ठिकाणी भारताचे प्रतिनिधी राहिले.

परतीच्या गाडीत मला आमचं गणेशोत्सव मंडळ आठवत होतं. शेजारची गुजराती मुलगी लहानपणापासून आमच्या मांडवात अथर्वशीर्ष म्हणत आली. दोन वर्षांपूर्वी पोरांनी तिचं नाव चिटणीसपदासाठी सुचवलं. "मग मराठी मंडळ कशाला म्हणायचं?" असं म्हणून विरोध करणारा मीच होतो. त्यानंतर ती आरतीला आली नाही.

इथे कुणीतरी आपल्याला सामावून घेतलं, म्हणून आपण पाच पिढ्या टिकलो. हे मला उशिरा सुचलं. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेलो, चूक झाली म्हणालो, यंदाचं चिटणीसपद घेशील का, विचारलं.

तिने चहा दिला. "विचार करते, दादा," एवढंच म्हणाली. चिटणीसाची जागा अजून रिकामी ठेवली आहे.