बाणाचा वेग मोजायचाय? आधी मोबाईल काढा

आपल्या सालेकसात धनुष्यबाण शिकणाऱ्या पोट्ट्यांसाठी वर्गणी काढून बाणाचा वेग मोजणारं रडार यंत्र घ्यायचं, अशी चर्चा चालू आहे. चार जणांनी विचारलं, "भाऊ, कोणतं घ्यावं?" एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथंच लिहितो. पटलं नाही तर खाली भांडा.

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच स्पर्धेत जगज्जेते झाले. आपलं पोर का नाही, असं आपल्याला वाटणारच.

आता वेगाचं एवढं काय? रिकर्व्हची मोठी स्पर्धा ७० मीटरवर असते. सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटलेला बाण तिथं पोचेपर्यंत साडेसहा मीटरहून जास्त खाली ओढला जातो, म्हणून नेम वर धरतात. तोच ५९ ने सुटला तर आणखी २३ सेंटीमीटर खाली (हवेचा विरोध धरलेला नाही). म्हणजे दहाचा बाण सातवर. आपण पोरीला म्हणतो, तुझं लक्ष नाही. खरं कारण दोरी कमी ओढली गेली किंवा तो एक बाण जड होता, हेही असू शकतं. आकड्याशिवाय ते कळत नाही, म्हणून यंत्राला माझा विरोध नाही.

पण पोलिसांची स्पीडगन इथं चालत नाही. बाण बारीक, त्यावरून परतणारी लहर क्षीण. बाणासाठी वेगळी सोय आहे का, ते विचारा. काही यंत्रं बंदुकीच्या धमाक्यावर जागी होतात. धनुष्याला धमाका कुठला! गार्मिनचं झीरो सी-१ प्रो सेकंदाला १०० फुटांपासून, म्हणजे ३० मीटरपासून मोजतं, खिशात मावतं, पण अमेरिकेतच ६०० डॉलरच्या आसपास पडतं. उजेडावर चालणारी यंत्रं स्वस्त, पण बाण सेन्सरच्या वरून नेमका न्यावा लागतो. नेम चुकला की यंत्रच फुटलं.

त्यापेक्षा हे करा. फीतीने मोजून १८ मीटरवर लक्ष्य लावा. मोबाईल तिरंदाजाच्या पायाशी ठेवून आवाज रेकॉर्ड करा. दोरीचा 'टण्ण' आणि बाण रुतल्याचा 'थप्प', यांच्यातला वेळ आवाज कापायच्या फुकट ॲपवर मिलिसेकंदात दिसतो. आवाज परत यायला ५२ मिलिसेकंद लागतात, ते वजा करा. उरलेल्या वेळाने १८ ला भागा. ३५२ आले तर ३०० उरले, वेग ६०. ३५७ आले तर ५९. हा सरासरी वेग आहे, सुटतानाचा नाही; पण बाणाबाणांतला फरक शोधायला पुरतो.

मग वर्गणीचं काय? बाण घ्या ना! पोट्टे वेगवेगळ्या वजनाच्या चार-चार बाणांवर सराव करतात आणि आपण रडारच्या गोष्टी करतो. सोबत सोनाराकडे असतो तसा बारीक वजनाचा काटा घ्या. एका वजनाचे बाण वेगळे काढले की अर्धं काम तिथंच होतं.

एवढं करून यंत्र घ्यायचंच ठरलं, तर ते कुणाच्या कपाटात राहणार, हे आधी लिहून काढा. दरेकसाच्या पोराला ते हक्काने मागता येणार का? याचं उत्तर मिळालं की माझी वर्गणी पहिली.

रविवारी सकाळी मैदानावर मोबाईल आणि फीत घेऊन येतो. ज्यांना बघायचं त्यांनी या.