तिथीची पाऊणपट

आमच्या चिपळूणच्या घराच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. खाली कापडाचं दुकान, वर बिऱ्हाड. आठव्या पायरीला लागून भिंतीवर बाबांनी पेन्सिलीनं ओढलेली एक रेघ आहे आणि तिच्यावर तारीख : २६ जुलै २००५. कॉलेजात असताना मला ती रेघ मुळीच आवडायची नाही. जे विसरायचं, ते रोज येता-जाता डोळ्यांसमोर कशाला, असं वाटायचं. दिवाळीत भिंती पुसताना आई दरवर्षी ‘यंदा ही पुसणार’ म्हणून बजावायची, आणि दरवर्षी तिचं फडकं रेघेच्या कडेकडेनं फिरायचं.

२१ जुलै २०२१च्या रात्री पाऊस नुसता कोसळत होता. कोरोनामुळे मी पुण्याहून येऊन घरूनच काम करत होते. अडीचच्या सुमारास वीज गेली. थोड्या वेळानं खालून धप्प, धप्प असा आवाज यायला लागला. दुकानातलं बाकडं तरंगून शटरवर आपटत होतं. पुराचं पाणी स्वतः मुकं असतं. आवाज होतो तो आपल्या वस्तूंचा.

बाबा टॉर्च, पेन्सिल आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन वरून तिसऱ्या पायरीवर बसले. मी त्यांच्या मागे उभी. पाय लटपटत होते. खाली काळं पाणी, त्यात तागे फुगून उलटेपालटे होत होते.

“उजाडलं की त्रयोदशी,” कॅलेंडरवर टॉर्च धरून बाबा म्हणाले. “तेराची पाऊणपट किती?”

मला काही सुचेना. त्यांनी पुन्हा विचारलं, शाळेत पाढे विचारावेत तसं. “पावणेदहा,” मी म्हटलं.

“मग दाभोळला पावणेदहाला भरती. खाडीतून इथवर दाब चढायला आणखी तास-दीड तास धर. म्हणजे अकरा-साडेअकरापर्यंत पाणी चढत राहणार, हे धरून चालायचं. तोवर कुणी खाली उतरायचं नाही. कागदपत्रं, गॅस, प्यायचं पाणी, एवढंच बघायचं.”

कोकणच्या किनाऱ्यावर ही गुणाकाराची रीत जुनी आहे. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ ढोबळमानानं कळते. मासेमारी करणारे आणि होडी हाकणारे तिच्यावरच दिवस बेततात. त्या वर्षी आषाढी वीस तारखेला झाली होती आणि गुरुपौर्णिमा चोवीसला होती. म्हणजे दिवस उधाणाकडे चढणारे. डोंगरातून वाशिष्ठी फुगून येत होती. तिला गावातच शिव नदी मिळते. पोफळीला वीज करून मोकळं झालेलं कोयनेचं पाणीही शेवटी याच वाशिष्ठीत उतरतं. एवढं सगळं खाली जायचं तर खाडी रिकामी हवी, आणि खाडीत भरती शिरत होती. या दोन पाण्यांच्या मधे आमचं गाव.

बाबांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि वेळ लिहायला सांगितलं. साडेतीन, तिसरी पायरी. साडेचार, पाचवी. सहा, सातवी. सव्वासातला पाणी २००५च्या रेघेला टेकलं आणि तिला गिळून वर आलं. आईनं हात जोडले. कुणी काही बोललं नाही. शेजारच्या काकू आणि त्यांची दोन नातवंडं पत्र्यावरून आमच्याकडे आली होती. आईनं चूल पेटवावी तसा मन लावून गॅस पेटवला आणि पेज शिजत घातली.

आकडे लिहून पाणी बोटभरही उतरलं नाही, हे मलाही कळत होतं. पण पहाटे तीनला मला वाटत होतं की हे पाणी असंच वर येत राहील, माडी गिळेल, पत्रा गिळेल, त्याला अंतच नाही. भिंतीवर वेळा उतरत गेल्या तसं दिसायला लागलं की त्याची एक चाल आहे. आधी तासाला दोन पायऱ्या, मग एक, नऊ वाजता दहावी. चाल मंदावत होती. ज्याची चाल मोजता येते, त्याच्याकडे बघता येतं. मी बघायला लागले आणि माझे पाय लटपटायचे कधी थांबले, ते कळलंही नाही.

साडेनवाच्या सुमारास मात्र भिंतीवरचा टॉर्चचा उजेड हलताना दिसला. बाबांचा हात थरथरत होता. आयुष्यभराचं दुकान डोळ्यांदेखत बुडत असताना तो माणूस मला गुणाकार विचारत होता. तो उजेड मी विसरणार नाही.

अकरा वीसला पाणी अकराव्या पायरीवर थबकलं. पुढं कितीतरी वेळ ते तिथंच होतं. मग कधीतरी भिंतीवर ओली कड दिसली, बोटभर, मग चार बोटं.

खरं शहाणपण मला त्यानंतर आईकडून कळलं. पाणी गुडघ्यावर आल्याबरोबर तिनं खराटा घेतला. मी म्हटलं, आधी पाणी जाऊ दे. ती म्हणाली, “पाणी आहे तोवरच गाळ हलतो. वाळला की पहार लागेल.” म्हणून आम्ही उतरत्या पाण्यातच उभं राहून तळाचा गाळ ढवळत होतो आणि त्याच पाण्याबरोबर त्याला उंबऱ्याबाहेर लोटत होतो. हातांना फोड आले, वासानं डोकं उठलं. ज्यांची घरं बंद होती, माणसं बाहेरगावी होती, त्यांनी पुढं महिनाभर घमेली उपसली. रडायला आम्हाला वेळ मिळाला तो चौथ्या दिवशी, फरशीचा रंग दिसल्यावर.

गावाचं वाचनालय, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं. २००५च्या पुरात त्याच्या कितीतरी ग्रंथांचा लगदा झाला. त्याच वाचनालयानं जानेवारी २०१३मध्ये शहाऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरवून दाखवलं. आणि २०२१ला पाणी पुन्हा त्याच्या आत. भिजलेल्या पुस्तकाची पानं घाईनं उलगडायला गेलं तर ती हातात येतात. आधी मिटलेलंच उभं करून निथळू द्यावं लागतं. आमच्या दुकानातले तागेही तसेच. ओढले की फाटायचे, धीरानं सोडवले की सुटायचे.

पण एक गोष्ट मला मनापासून खुपते. पूर आला की बाहेरची माणसं आमच्या धीराचं कौतुक करतात. कौतुक गोड लागतं, आणि तिथंच घात होतो. धीर धरणाऱ्याला कुणी काही द्यायला लागत नाही. आमच्या नदीचं पात्र वर्षानुवर्षं गाळानं वर आलेलं, वरचे डोंगर उघडे पडलेले. हे कुणा देवाचा कोप म्हणून सोसायचं नव्हतं. नकाशावर पंचवीस वर्षांच्या पुराची निळी आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेघ ओढून घरबांधणी अडवता येते, पण त्यानं नदी खोल होत नाही. म्हणून त्या वर्षाच्या अखेरीला चिपळूणकर गाळ उपसण्यासाठी साखळी उपोषणाला बसले. बाबाही बसले, सत्तरीत, स्वेटर घालून. जुन्या-नव्या पुरांच्या पायऱ्या, वेळा, तिथ्या लिहिलेली वही मांडीवर. कुणी विचारलं की ती उघडून दाखवायचे. नंतर वाशिष्ठीत यंत्रं उतरली, गाळाचे ढीग काठावर आले. काम पुरं झालं असं मी म्हणणार नाही. सुरू झालं, आणि ते मागितल्यामुळे झालं.

आता अकराव्या पायरीशी दुसरी रेघ आहे. २२ जुलै २०२१. ती मी ओढली.

दुकान दसऱ्याला उघडलं. सुतारानं फळ्या वर चढवू म्हटलं, पण कापड गिऱ्हाइकाच्या हाताशीच लागतं. ते आठ फुटांवर ठेवून चालत नाही. मग बाबांनी पोटमाळा मजबूत करून घेतला, छताला कप्पी बसवली आणि ताडपत्रीच्या चार झोळ्या शिवून आणल्या. मृग लागला की एका संध्याकाळी दुकान लवकर बंद होतं. मी पुण्याहून येते. दुकानातली दोन मुलं खाली झोळ्या भरतात, मी दोर ओढते, आई वर तागे लावून घेते, बाबा घड्याळ धरून जिन्यात उभे. पहिल्या वर्षी दीड तास लागला होता. यंदा त्रेपन्न मिनिटं.

“दोर मधेच अडकतोय,” बाबा म्हणाले. त्यांनी कप्पीला तेल सोडलं, हात पुसले आणि घड्याळ पुन्हा हातात घेतलं. “सगळं खाली घ्या. परत एकदा.”